स्टुडिओत यायचं, की स्टुडिओ घरी न्यायचा?

श्रावण निम्मा सरला की माझा फोन वाजायला लागतो. मुंबईहून, पुण्याहून, कधी मस्कतहून. "यंदा गणपतीत सगळे जमतोय. सोळा जण आहोत. आईच्या फार मनात आहे, एकदा सगळ्यांचा एकत्र, नीट फोटो काढून घ्यावा. आम्ही तुमच्याकडे येऊ, की तुम्ही घरी येता?"

वेंगुर्ल्यात बाजारपेठेला लागून माझा लहानसा स्टुडिओ आहे. गेली बावीस वर्षं मी दोन्ही प्रकारे कुटुंबांचे फोटो काढतोय. काही कुटुंबं माझ्याकडे येतात, काहींच्या घरी मी लाइट, स्टँड, पडदा घेऊन जातो. फोनवर दोन मिनिटांत याचं उत्तर देता येत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहितोय. फोटो काढून घ्यायचं ठरवणाऱ्या घरातल्या माणसासाठी हे आहे, पण या धंद्यात नव्याने आलेल्या मुलांनाही त्यातून काही मिळावं अशी इच्छा आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. आठ-नऊ जणांपर्यंत स्टुडिओ. बारा-तेराच्या वर गेलात तर घर, त्यात शंका नको. मधला आकडा असेल तर घरातलं सगळ्यांत म्हातारं माणूस आणि सगळ्यांत लहान मूल यांच्याकडे बघून ठरवा. समुद्रकिनारा फक्त चौघा-पाचांसाठी, तोही पावसाळा संपल्यावर.

जागा किती लागते

स्टुडिओत मागे पडदा म्हणून कागदाची मोठी गुंडाळी लावतात. तिची नेहमीची रुंदी ९ फुटांच्या आसपास असते. लोकांना वाटतं, ९ फुटांत सहा-सात जण सहज उभे राहतील. नाही राहत. माणसं कागदाला चिकटून उभी केली तर त्यांच्या सावल्या मागे उमटतात, म्हणून त्यांना निदान ४ फूट पुढे घ्यावं लागतं. कॅमेरा त्यांच्यापासून १२ फुटांवर असला, तर कागदाच्या कडा न दिसता माणसांच्या ओळीला मिळतात पावणेसात फूट. समोर तोंड करून खांद्याला खांदा लावला तर चारच माणसं बसतात. सगळ्यांना थोडं तिरकं उभं केलं, एकाचा खांदा दुसऱ्याच्या मागे घेतला, तर पाच, फार तर सहा. मग दोघं खाली, तिघं स्टुलावर, चौघं मागे उभे, असे नऊ होतात. दहावा आला की कुणाचं तरी कोपर चौकटीबाहेर जातं.

सोळा जणांची मांडणी साधारण १४ फूट रुंद होते. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्याला ५० मिलिमीटरची लेन्स असेल तर तेवढी रुंदी मावायला फोटोग्राफरला साडेएकोणीस फूट मागे सरावं लागतं. त्यात पडद्यापर्यंतचे ४ फूट धरा, फोटोग्राफरच्या स्वतःच्या उभं राहण्याचे दोन-तीन धरा. म्हणजे खोली २६ फूट लांब हवी. आपल्याकडच्या बाजारातले गाळे बहुतेक २० फुटांत संपतात. मग फोटोग्राफर वाइड, म्हणजे कमी अंतरातून जास्त रुंदी पकडणारी, लेन्स लावतो आणि सगळे मावतात खरे, पण अशा लेन्सने कडेची माणसं ताणली जातात. डाव्या टोकाला उभी असलेली आत्या प्रत्यक्षाहून रुंद दिसते आणि तिला तो फोटो कधीच आवडत नाही. दोष तिच्या अंगाचा नसतो, खोलीच्या लांबीचा असतो. म्हणून मोठं कुटुंब घेऊन स्टुडिओत जाणार असाल तर आधी एकच विचारा: तुमची खोली किती लांब आहे?

घरी हा प्रश्न येत नाही. पडवीत माणसं आणि खळ्यात, म्हणजे अंगणात, कॅमेरा, मध्ये वीस फूट सहज निघतात. उलट खळं मोठं असेल तर मी ८५ मिलिमीटरची लेन्स लावून आणखी मागे जातो. त्यात चेहऱ्यांचे आकार अगदी डोळ्यांना दिसतात तसे येतात आणि कडेच्या माणसावर अन्याय होत नाही.

उजेड

इथे मात्र स्टुडिओ पुढे आहे, आणि बराच पुढे आहे.

लाइटपासूनचं अंतर दुप्पट झालं की चेहऱ्यावर पोचणारा उजेड निम्मा होत नाही, पाव होतो. अंतर तिप्पट झालं तर नववा हिस्सा. एकट्या माणसाच्या फोटोत याने फारसं बिघडत नाही, पण ग्रुप फोटोत सगळा खेळ इथेच फसतो. डाव्या बाजूला लाइट ठेवला, जवळचा माणूस ५ फुटांवर आणि उजव्या टोकाचा १५ फुटांवर असला, तर एक चेहरा पांढराफटक आणि दुसरा काळवंडलेला. तोच लाइट मागे, कॅमेऱ्याच्या जवळ आणि उंच नेला, की जवळच्याला १५ फूट आणि लांबच्याला १८ फूट पडतात. लांबच्याला जवळच्याच्या सत्तर टक्के उजेड मिळतो, आणि तेवढा फरक डोळ्यांना खटकत नाही. एका माणसाला लाइट जवळ, गटाला लाइट लांब. नव्या मुलांनी हे एवढंच पाठ केलं तरी निम्मे फोटो वाचतील. अर्थात लाइट तिप्पट लांब नेला की ताकद नऊपट लागते. त्यामुळे कॅमेऱ्यावर बसवायचा छोटा फ्लॅश घेऊन सोळा जणांच्या घरी जाणारा फोटोग्राफर कितीही हुशार असला तरी कमीच पडणार. निदान २०० वॉट-सेकंदाचे (हे फ्लॅशची ताकद मोजायचं माप) दोन लाइट आणि उजेड पसरवणारी पाच-सहा फुटी मोठी छत्री हवीच.

सॉफ्टबॉक्स (लाइटपुढे लावायची, पांढऱ्या कापडाच्या तोंडाची पेटी) की छत्री, असंही नवी मुलं विचारतात. चार-पाच जणांना सॉफ्टबॉक्स चांगला, कारण उजेड हवा तिथेच पडतो आणि मागचा पडदा आपल्या मर्जीप्रमाणे गडद ठेवता येतो. त्याहून मोठ्या गटाला पांढरी किंवा रुपेरी छत्रीच बरी. ती उजेड सगळीकडे पसरते, आणि गटाला तेच हवं असतं. दोन्ही बाजूंना सारख्या ताकदीचे दोन लाइट लावायची आपल्याकडे जुनी सवय आहे. त्याने प्रत्येक नाकाच्या दोन सावल्या पडतात. मी एकच मोठा लाइट कॅमेऱ्याच्या वर, किंचित डावीकडे ठेवतो, आणि दुसरा माझ्या पाठीमागच्या पांढऱ्या भिंतीवर मारतो, म्हणजे परत येणारा मऊ उजेड सावल्या भरून काढतो.

घरी गेलं की उजेडाला रंग चढतो. हे मी शिकलो ते एका जुन्या चिरेबंदी घरात, पहिल्या वर्षी. खळं जांभ्याचं, नुकतंच पावसाने धुतलेलं, लालबुंद. सकाळी दहाचं ऊन त्यावर पडलेलं आणि माणसं पडवीच्या कडेला छान सावलीत. कॅमेऱ्याच्या पडद्यावर सगळं सुरेख दिसत होतं. स्टुडिओत येऊन संगणकावर उघडलं तेव्हा प्रत्येकाच्या हनुवटीखाली, नाकपुड्यांखाली आणि धाकट्या सुनेच्या पांढऱ्या ब्लाउजवर तांबूस झाक. जमिनीचा रंग खालून वर आला होता. उजव्या टोकाच्या दोघांच्या गालांवर तर हिरवट छटा होती, कारण त्या बाजूला फणस आणि पोफळी होत्या. एकाच फोटोत लाल, हिरवा आणि आकाशाचा निळा. असा फोटो दुरुस्त होत नाही. एक रंग काढावा तर दुसरा चढतो.

तेव्हापासून घरी जाताना मी दोन पांढऱ्या चादरी बरोबर नेतो. त्या माणसांच्या समोर, चौकटीच्या खाली, खळ्यात अंथरतो. लाल जमिनीवरून येणारा उजेड पांढरा होतो आणि हनुवटीखालच्या सावल्याही हलक्या होतात. वर फ्लॅशची ताकद एवढी ठेवतो की बाहेरचा उजेड नावापुरता उरावा. शटर १/१६० सेकंदावर. त्याहून फार वर नेला तर बहुतेक कॅमेऱ्यांत फ्लॅशचा ताळमेळ सुटतो आणि फोटोच्या एका बाजूला काळी पट्टी येते. घरातल्या ट्यूबलाइट आणि एलईडी सरळ बंद करायला लावतो. यजमानांना वाटतं, अंधारात कसा येईल फोटो? पण त्याच लाइटांमुळे मागच्या रांगेचे चेहरे पिवळे पडतात.

पडवीचा एक गुण मात्र स्टुडिओला विकत घेता येत नाही. उत्तरेकडे उघडणारी पडवी असेल तर तिच्या कडेपासून दोन हात आत बसलेल्या माणसावर पडणारा उजेड फार शांत असतो. समोरून आकाशाचा मऊ प्रकाश, डोक्यावर कौलांची सावली, मागे माजघराचा अंधार. घरोघरी वीज यायच्या आधीचे जुने स्टुडिओ उत्तरेच्या बाजूला काचेचं छत किंवा मोठी खिडकी ठेवत, ते याचसाठी. तिकडून थेट ऊन येत नाही आणि दिवसभर उजेड फारसा बदलत नाही. तुमची पडवी उत्तरेची असेल तर फोनवर तसं जरूर सांगा. मग मी एकच लाइट घेऊन येतो.

बसवणं

स्टुडिओ असो की घर, माणसं बसवण्याची पद्धत तीच. फरक पडतो तो सामानाने आणि स्वभावाने.

आपल्याकडे ग्रुप फोटो म्हटलं की खुर्च्यांची एक ओळ, तिच्यावर वडीलधारी, मागे उभी तरुण मंडळी, पुढे पोरं. डोक्यांच्या तीन सरळ रेघा. बघणाऱ्याची नजर रेघेवरून घसरत जाते, कुठे थांबत नाही. मी डोकी वेगवेगळ्या उंचीवर घेतो, आणि कोणत्याही तिघांकडे बघितलं तरी त्रिकोण दिसावा असा प्रयत्न करतो. त्यासाठी चार उंच्या लागतात: जमिनीवर पाट, बुटकं स्टूल, नेहमीची खुर्ची आणि उभं माणूस. उभ्यांतही बुटक्या माणसाच्या पायाखाली काही तरी. स्टुडिओत माझ्याकडे लाकडी खोकी आहेत. घरी अर्धा चिरा चालतो, वर पोतं टाकलं की घसरत नाही.

हाताच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या घरोघरी असतात आणि मी त्या पहिल्या बाजूला करतो. खुर्चीच्या हातामुळे दोन माणसांत वीतभर फट पडते आणि ते जवळचे दिसतच नाहीत. बाकडं असेल तर सोनंच. नसेल तर जेवणाच्या टेबलाची बिनहाताची स्टुलं. ओटीवरच्या झोपाळ्यावर आजी-आजोबांना बसवावं असं सगळ्यांना वाटतं आणि ते दिसतंही सुंदर. पण झोपाळा बोटभर हलला तरी पुढे-मागे होतो. कड्या दोरीने खांबाला बांधून घेतल्याशिवाय मी त्यावर कुणाला बसवत नाही.

मांडणी नेहमी सगळ्यांत वडील माणसापासून सुरू करतो. त्यांना बसवलं, त्यांचे पाय नीट टेकले, पाठीला आधार आला, की मग त्यांच्या भोवती बाकीचे. एकेक जोडपं आपल्या मुलांसकट एक पुंजका, आणि पुंजक्यांमध्ये खांदे एकमेकांवर चढलेले. मुंबईच्या जाऊबाई आणि गावातल्या जाऊबाई यांचे पुंजके शेजारी आले तर त्यांच्यातली फट किती ठेवायची हे मी त्यांच्याकडे बघून ठरवतो, पण ती तळहातापेक्षा जास्त कधीच नाही. छापून आल्यावर वीतभर फट हातभर दिसते. मागच्या माणसाचा चेहरा पुढच्या दोघांच्या मधल्या खाचेत. प्रत्येकाने शरीर थोडं मध्याकडे वळवायचं आणि वजन मागच्या पायावर टाकायचं. हात मांडीवर सैल ठेवायचे. मुठी दिसल्या की मी थांबतो. त्याचा अर्थ माणूस घाबरलेलं आहे.

चष्मेवाले किती आहेत ते आधी मोजतो. छत्रीचं पांढरं वर्तुळ चष्म्यात हटकून दिसतं. लाइट आणखी फूटभर वर, हनुवटी जराशी खाली, आणि चष्म्याच्या काड्या कानावरून किंचित उचललेल्या. काच खाली झुकते आणि वर्तुळ निघून जातं. संगणकावर प्रत्येक डोळा साफ करण्यापेक्षा हे अर्ध्या मिनिटाचं काम.

दोन रांगा असतील तर लेन्सचं तोंड फार उघडं ठेवून चालत नाही. ८५ची लेन्स f/२.८ वर (f पुढचा आकडा जितका लहान, तितकं तोंड जास्त उघडं) ४ मीटरवरून लावली तर पुढे-मागे मिळून सदतीस-अडतीस सेंटीमीटर एवढाच पट्टा धारदार येतो. तेवढ्यात एकच रांग बसते. मागची पुसट झालीच म्हणून समजा. f/८ ठेवायचा, नेम पुढच्या रांगेतल्या डोळ्यांवर धरायचा, आणि दोन रांगा शक्य तितक्या जवळ बसवायच्या. मागच्यांना कमरेतून थोडं पुढे वाकायला सांगितलं तरी तळहातभर वाचतो.

डोळे मिटण्याचं काय? ऑस्ट्रेलियातल्या पिअर्स बार्न्स आणि निक स्वेनसन यांनी याचं गणित मांडलं आणि २००६मध्ये त्यांना गणितासाठीचं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला तीनने भागायचं, वाईट उजेडात दोनने. तेवढे फोटो काढले की त्यांतल्या एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे असण्याची खात्री धरायला हरकत नाही. पंधरा जणांना चांगल्या उजेडात पाच, वाईट उजेडात आठ. मी त्यात आणखी चार मिळवतो, कारण आपल्या फोटोत मांडीवर एक तान्हं असतंच.

म्हातारं माणूस आणि लहान मूल

शिरोड्याच्या बाजूच्या एका कुटुंबाने आजीला स्टुडिओत आणलं होतं. नव्वदीच्या आसपासची असेल. रिक्षातून उतरवून पाच पायऱ्या चढवल्या. आत एसीचा गारठा, मागे राखाडी पडदा, समोर मोठी पांढरी छत्री. तिला स्टुलावर बसवलं तर पाय जमिनीला टेकेनात. खाली खोका दिला. प्रत्येक फ्लॅशला ती डोळे घट्ट मिटून घेई आणि नंतर नातवाचा हात शोधी. तेवढ्यात तिच्या मांडीवर आजोबांच्या फोटोची फ्रेम ठेवली, कारण आजोबा तीन वर्षांपूर्वी गेले होते आणि ते फोटोत हवेच होते. फ्रेमच्या काचेत छत्री लख्ख. मी फ्रेम तिरकी करत होतो, ती सरळ करत होती. तासाभरात सगळेच दमले. त्या दिवशी मी पैसे घेतले नाहीत. घरी येतो म्हणालो.

दोन दिवसांनी गेलो. आजी तिच्या नेहमीच्या जागी, माजघराच्या दाराला पाठ लावून, बुटक्या पाटावर. मी तिला उठवलं नाही. बाकीच्या अकरा जणांना तिच्या भोवती आणलं. मुलगे जमिनीवर बसले, सुना तिच्या दोन्ही बाजूंना पाटांवर, नातवंडं मागे उंबऱ्यावर उभी. फ्रेमच्या वरच्या कडेमागे घडी घातलेला पंचा खोचला, म्हणजे काच पुढे झुकली आणि तिच्यात छत्रीऐवजी जमीन दिसायला लागली. "आजये, हयसर बघ गो," धाकटी नात म्हणाली. आजीने माझ्याकडे बघितलंच नाही. तिने नातीकडे बघितलं, आणि एक हात फ्रेमवर तसाच राहू दिला. मी कॅमेरा नातीच्या डोक्याजवळ नेला आणि दाबला.

म्हणून चालायला त्रास असलेलं किंवा गोंधळणारं माणूस घरात असेल, तर माझ्याकडे येऊच नका. कितीही चांगला उजेड त्या माणसाच्या चेहऱ्यावरची भीती झाकत नाही.

दोन-तीन वर्षांच्या पोराचं मात्र उलट. घरी त्याला सगळी खोली ठाऊक असते. ते मांजरामागे पळतं, आईच्या मांडीवरून सुटून विहिरीकडे जातं. स्टुडिओत जागा नवी असते, ते थोडा वेळ थबकून बघत राहतं, आणि ती पाच-सात मिनिटं पुरतात. लहान मूल असेल तर सगळे बसून झाल्यावर, लाइट तपासून झाल्यावर, त्याला सगळ्यांत शेवटी आणायचं. झोपेच्या वेळेला नाही, भुकेच्या वेळेलाही नाही. पोर आणि आजी दोन्ही असतील तर आजीचं ऐकायचं.

जो आलेला नाही

कोकणातल्या कुठल्याही घरात एक माणूस बोटीवर किंवा आखातात असतो. गणपतीला सगळे येतात, त्याला रजा मिळत नाही. "त्याला नंतर लावता येईल ना?" हे मला दरवर्षी विचारतात.

येतं, पण मग स्टुडिओत काढा. त्याच्यासाठी मांडणीत एका माणसाची जागा रिकामी सोडतो, पहिल्या दिवसापासून. फरशीवर पांढऱ्या पट्टीने खुणा करतो आणि वहीत लिहून ठेवतो: कॅमेऱ्याची उंची, लेन्स, लाइटचं अंतर आणि ताकद, जागेच्या दोन्ही बाजूंना कोण आहे आणि त्यांचे खांदे कुठे येतात. चार-पाच महिन्यांनी तो येतो तेव्हा तीच वही उघडतो, त्याच खुणेवर त्याला उभा करतो, दोन्ही बाजूंना माझ्या पोरांना त्या-त्या उंचीवर उभं करतो म्हणजे त्याचा खांदा बरोबर झाकला जातो. सावली त्याच बाजूला, नजर त्याच उंचीला. जोडलेला फोटो आहे हे मलाही कधी कधी शोधावं लागतं.

घरी हे जमवायला फार ओढाताण होते. पडवीत भाद्रपदातला ढगाळ उजेड आणि फाल्गुनातला कोरडा उजेड कधीच जुळत नाही. फ्लॅशने कितीही झाकलं तरी कडेला दिसून येतं. एखाद्या घरात हे पटत नाही, जो नाही तो नाही असं म्हणतात. ते मला जास्त आवडतं. मग त्याची जागा रिकामी न ठेवता सगळे जवळ बसतात, आणि तो आला की वेगळा फोटो काढतात.

समुद्रावर काढला तर?

हे विचारणारे बहुतेक नवे जोडपे किंवा मुंबईत वाढलेली मुलं. आपला समुद्र पश्चिमेला. संध्याकाळी लोकांची तोंडं समुद्राकडे केली तर ऊन डोळ्यांत आणि सगळे डोळे बारीक. पाठ केली तर चेहरे काळे, म्हणजे पुन्हा फ्लॅश आणि छत्री आलीच. आणि किनाऱ्यावरच्या वाऱ्यात पाच फुटी छत्री म्हणजे शीड. स्टँडला वाळूच्या पिशव्या बांधूनही एक माणूस धरायला लागतो. सूर्य बुडाल्यावर साधारण वीस मिनिटं फार गोड उजेड असतो, पण त्या वेळात सोळा माणसं बसवून होत नाहीत. सागरेश्वरच्या किंवा गुहागरच्या सुरूच्या बनात सावली मिळते, तीही ठिपक्याठिपक्यांची. एकाच्या गालावर ऊन, दुसऱ्याच्या कपाळावर. आई-वडील आणि दोन मुलं असतील, चालत चालत सहज काढायचे असतील, तर नोव्हेंबर-डिसेंबरात जरूर जा. भिंतीवर लावायच्या मोठ्या फोटोसाठी मी नाही सांगणार.

पाऊस, वीज आणि काच

घरी बोलावणार असाल तर फोटोग्राफरचे लाइट बॅटरीवर चालतात का ते विचारा. भाद्रपदात गावात लाइट कधी जाईल सांगता येत नाही, आणि माणसं बसवून झाल्यावर वीज गेली की अर्धा तास हातचा जातो. स्टुडिओत इन्व्हर्टर असतो. दुसरं, एसीच्या गाडीतून थेट दमट पडवीत कॅमेरा काढला की लेन्सवर धुकं धरतं. मी अर्धा तास आधी पोचतो, पिशवी बंदच ठेवून तिला घराच्या हवेची सवय होऊ देतो. फोटोग्राफर लवकर येऊन नुसताच चहा घेत बसला तर त्याला घाई करू नका.

मे महिन्यात कौलारू घरात दुपारी फोटो नकोच. कपाळावरचा घाम फ्लॅशमध्ये आरशासारखा चमकतो. मेमध्ये घरी काढायचा तर सकाळी साडेसातला, नाही तर एसीचा स्टुडिओ.

केवढा छापणार

हे सगळ्यांत शेवटी विचारतात आणि खरं तर सगळ्यांत आधी विचारायला हवं. १२ बाय १८ इंचाच्या फोटोत १४ फूट रुंद मांडणी बसवली, तर प्रत्येक चेहरा साधारण दीड सेंटीमीटर रुंद येतो, अंगठ्याच्या नखाएवढा. तीच चौकट पाच जणांनी भरली तर चेहरा साडेतीन सेंटीमीटरच्या जवळ जातो. सोळा जणांचा फोटो काढणार असाल तर छापायचाही मोठा, २४ बाय ३६ तरी. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा ६००० बाय ४००० ठिपक्यांचा फोटो देतो, म्हणजे ३६ इंचांवर इंचाला दीडशेच्या पुढे ठिपके मिळतात. भिंतीवर चार हातांवरून बघायला तेवढे पुरतात. भिंत लहान असेल तर सगळ्यांचा एक फोटो छोटा छापा, आणि प्रत्येक पुंजक्याचा वेगळा. घरी आलो की मी हे तसंही करतो. मोठी मांडणी झाली की तिथेच, त्याच उजेडात, एकेक कुटुंब आजीजवळ बसवून घेतो. लाइट लावलेलेच असतात, दहा मिनिटं जास्त लागतात.

कपड्यांबद्दल थोडकंच सांगतो. सगळ्यांनी एकाच रंगाचे कपडे घ्यायची हल्ली पद्धत आलीय, त्याची काही गरज नाही. फक्त एकाने गडद लाल आणि बाकीच्यांनी फिकट असं नको, नजर त्या एकावरच जाते. पडदा पांढरा असेल तर आजोबांचं धोतर त्यात विरघळतं, म्हणून मी राखाडी ठेवतो.

गणपतीत कधी

तारीख ठरवताना घरातल्या बायकांना विचारा. पुरुषांनी ठरवलेली वेळ बहुतेक वेळा स्वयंपाकाच्या मध्ये येते. गणपती आणायचा दिवस गडबडीचा. गौरी पूजनाच्या दिवशी बायका ओवशाच्या, म्हणजे गौरीला वाण द्यायच्या, सुपांत आणि नैवेद्यात गुंतलेल्या असतात, त्या दिवशी त्यांना खुर्चीत बसवणं म्हणजे छळ. मला विचाराल तर गणपती बसल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसात ते नऊ, आरतीच्या आधी. तेव्हा सगळे आंघोळ करून तयार असतात, उजेड मऊ असतो, आणि कुणाचीही परतीची गाडी अजून आलेली नसते. पाऊस आला तर खळ्यातून कॅमेरा पडवीच्या टोकाला घेऊन तिरकी मांडणी करता येते, त्यामुळे पावसासाठी थांबू नका.

फोन कराल तेव्हा एवढं सांगा: एकूण किती जण, सगळ्यांत मोठं आणि सगळ्यांत लहान कोण, चष्मे किती, पडवीचं तोंड कुठे, आणि कोण येऊ शकत नाहीये. बाकी मी आल्यावर बघतो.